बचावपटूच्या कारकिर्दीचे वाचन : टोनी अॅडम्स, आर्सेनल आणि कबुलीचे कथन

प्रास्ताविक

खेळाडूचे चरित्र हा प्रकार समीक्षेने फारशा गांभीर्याने घेतलेला नाही. आकडे, सामने, चषक आणि शेवटी काही आठवणी असा त्याचा ठरीव साचा असल्यामुळे त्यात अर्थनिर्णयनाला वाव नाही, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः खेळाडूची कारकीर्द ही मैदानावर घडते तेवढीच ती मैदानाबाहेर सांगितली जाते. वृत्तपत्रे, प्रेक्षक, क्लब आणि पुढे स्वतः खेळाडू, असे चौघेही ती आपापल्या परीने सांगत असतात. या चार कथनांत मेळ असतोच असे नाही. जेथे तो नसतो, तेथे समीक्षेचे काम सुरू होते.

या दृष्टीने इंग्लंडमधील आर्सेनल या क्लबचे बचावपटू आणि कर्णधार टोनी अॅडम्स यांची कारकीर्द विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १० ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या पूर्वेकडील रॉमफर्ड येथे जन्मलेले अॅडम्स १९८० मध्ये शाळकरी खेळाडू म्हणून आर्सेनलमध्ये दाखल झाले, ५ नोव्हेंबर १९८३ रोजी सन्डरलंडविरुद्ध पहिला लीग सामना खेळले आणि २००२ मध्ये त्याच क्लबकडून खेळून निवृत्त झाले. साडेसहाशेहून अधिक सामने, चार लीग विजेतेपदे, तीन एफ. ए. चषक, दोन लीग चषक आणि युरोपचा एक कप विनर्स चषक ही त्यांच्या खात्यावरील जमा. १९८९, १९९१, १९९८ आणि २००२ अशी तीन वेगवेगळ्या दशकांत पडणारी लीग विजेतेपदे एकाच क्लबच्या कर्णधाराच्या नावावर असणे ही इंग्लिश फुटबॉलमधील असाधारण गोष्ट होय.

परंतु हे आकडे म्हणजे अॅडम्स यांची सर्वमान्य कथा नव्हे. ती कथा तीन अंकी आहे : पहिल्या अंकात प्रेक्षक ज्याला गाढव म्हणून हिणवतात असा ओबडधोबड बचावपटू, दुसऱ्यात दारूच्या आहारी जाऊन तुरुंगात गेलेला कर्णधार, आणि तिसऱ्यात आर्सेन व्हेंगर या फ्रेंच व्यवस्थापकाच्या सहवासात सुधारलेला, सुसंस्कृत झालेला पुरुष. ही कथा आकर्षक आहे. ती पूर्णपणे खोटीही नाही. तथापि कालक्रम, खेळाचे स्वरूप आणि नैतिक उत्तरदायित्व या तीन कसोट्यांवर ती कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

न घडलेल्याचे मूल्य

बचावपटूच्या मूल्यमापनात एक मूलभूत अडचण आहे. आघाडीच्या खेळाडूचे कर्तृत्व घटनेच्या रूपाने दिसते. गोल झाला की तो मोजता येतो, त्याचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहता येते. बचावपटूचे कर्तृत्व मात्र न घडलेल्या घटनेत असते. जो पास प्रतिस्पर्ध्याला देताच आला नाही, जी धाव त्याने मध्येच सोडून दिली, जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कोठे करायची? याउलट बचावपटूची चूक मात्र तत्काळ घटना बनते, कारण तिचा शेवट गोलात होतो. म्हणजे ज्याचे यश अदृश्य आणि अपयश ठळक, असा हा व्यवसाय आहे. अॅडम्स यांच्या वाट्याला आलेल्या निंदेचा उगम या रचनेत आहे. केवळ प्रेक्षकांच्या दुष्टाव्यात नाही.

मे १९८६ मध्ये जॉर्ज ग्रॅहम आर्सेनलचे व्यवस्थापक झाले. त्यांनी उभारलेल्या संघाचा कणा म्हणजे चौघांची बचावफळी. डावीकडे विम्बल्डनहून १९८७ मध्ये आलेले नायजेल विन्टरबर्न, उजवीकडे स्टोक सिटीहून १९८८ मध्ये आलेले ली डिक्सन, मध्यभागी स्टोकहूनच आलेले स्टीव्ह बोल्ड आणि त्यांच्या शेजारी अॅडम्स. १९९० पासून यांच्यामागे गोलरक्षक डेव्हिड सीमन उभे राहिले. पुढे मार्टिन किओन परत आल्यावर मध्यभागाला आणखी एक आधार मिळाला. या फळीचे प्रसिद्ध अस्त्र म्हणजे ऑफसाइडचा सापळा. प्रतिस्पर्धी पास देण्याच्या बेतात असताना चौघांनी एकाच क्षणी पुढे सरकायचे, जेणेकरून त्यांचा आघाडीवीर त्यांच्या मागे एकटा उरेल आणि नियमाने बाद ठरेल.

वरवर पाहता ही युक्ती साधी वाटते. तिच्यातील जोखीम मात्र फार मोठी आहे. चौघांपैकी एकाचेही पाऊल अर्धा क्षण मागे राहिले, तर प्रतिस्पर्ध्यासमोर गोलरक्षकाखेरीज कोणीच उरत नाही. म्हणून ही युक्ती वेगावर नव्हे, तर परस्परविश्वासावर आणि कोणी तरी एकाने वेळेवर दिलेल्या इशाऱ्यावर उभी असते. तो इशारा अॅडम्स देत. हात उंचावून पंचाकडे पाहणारे अॅडम्स ही त्या काळातील इंग्लिश फुटबॉलची एक स्थिर प्रतिमा बनली होती. १९९७ साली प्रदर्शित झालेल्या ‘द फुल मॉन्टी’ या चित्रपटात शेफील्डमधील बेकार पोलाद कामगार नाच बसवत असताना, सर्वांनी एकाच वेळी पुढे कसे यायचे हे त्यांना उमगत नाही. तेव्हा आर्सेनलच्या ऑफसाइड सापळ्याचा दाखला दिला जातो आणि रांग क्षणात जुळते. श्रमिकांच्या चित्रपटात हा दाखला इतक्या सहजतेने यावा, यावरून सामूहिक शिस्तीचे हे दृश्य लोकांच्या किती अंगवळणी पडले होते हे लक्षात येते.

येथे आणखी एक मुद्दा नोंदविला पाहिजे. अॅडम्स यांच्या कारकिर्दीत खेळाचे नियमच बदलले. १९९० मध्ये ऑफसाइडच्या नियमात दुरुस्ती होऊन बचावपटूच्या रेषेत असलेला आघाडीवीर वैध ठरू लागला; पूर्वी तो बाद ठरत असे. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यास मनाई झाली. हे दोन्ही बदल बचावाच्या विरोधात जाणारे होते. संकटात चेंडू मागे देऊन सुटका करून घेण्याची सोय संपली. बचावपटूला पायाचे कसब दाखविणे भाग पडले. ज्यांना निव्वळ ताकदीचे खेळाडू म्हटले गेले, ते अॅडम्स या बदलांनंतरही दहा वर्षे सर्वोच्च पातळीवर खेळत राहिले. ‘ओबडधोबड’ या विशेषणाविरुद्ध याहून मोठा पुरावा देण्याची गरज नाही.

गाढवाची प्रतिमा

१९८७ हे वर्ष अॅडम्स यांच्या उदयाचे होते. फेब्रुवारीत माद्रिद येथे स्पेनविरुद्ध त्यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले, त्याच हंगामात लीग चषक जिंकला आणि व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कारही मिळविला. १ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते आर्सेनलचे कर्णधार झाले. त्यानंतर सहाच महिन्यांत पश्चिम जर्मनीतील युरोपीय स्पर्धेत इंग्लंडने तिन्ही सामने गमावले. १५ जून १९८८ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे नेदरलंड्सच्या मार्को व्हान बास्टेन यांनी इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले आणि त्या अपयशाचा चेहरा म्हणून अॅडम्स यांच्याकडे बोट दाखविले गेले. व्हान बास्टेन हे त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांपैकी एक होते, ही बाब टीकेच्या भरात दुर्लक्षिली गेली.

पुढच्या हंगामात प्रतिस्पर्धी संघांच्या मैदानांवर प्रेक्षक गाढवाच्या ओरडण्याची नक्कल करून अॅडम्स यांचे स्वागत करू लागले. एप्रिल १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड येथे मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना १-१ असा सुटला आणि दोन्ही गोल अॅडम्स यांचेच होते : एक प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात, दुसरा स्वतःच्या. त्यानंतर एका खपाच्या वृत्तपत्राने त्यांच्या छायाचित्रावर गाढवाचे कान चिकटवून ते छापले. येथे निंदेची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. गाढव हा प्राणी मूर्खपणाचे जसे, तसेच ओझे वाहण्याचेही प्रतीक आहे. चेष्टा करणाऱ्यांना पहिलाच अर्थ अभिप्रेत होता. दुसरा मात्र अॅडम्स यांच्या कारकिर्दीला अनवधानाने चपखल लागू पडला.

त्याच हंगामाचा शेवट सर्वश्रुत आहे. १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेमुळे लिव्हरपूल आणि आर्सेनल यांच्यातील सामना लांबणीवर पडून २६ मे रोजी अॅनफील्ड येथे झाला. विजेतेपदासाठी आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक होते. ग्रॅहम यांनी त्या दिवशी डेव्हिड ओ’लिअरी, बोल्ड आणि अॅडम्स अशा तिघांना मध्यभागी खेळवून बचाव बळकट केला. अॅलन स्मिथ यांनी पहिला आणि अखेरच्या क्षणी मायकेल थॉमस यांनी दुसरा गोल केला. दोन्ही संघांचे गुण आणि गोलफरक समान राहिले. अधिक गोल केल्यामुळे आर्सेनल विजेते ठरले. निक हॉर्नबी यांच्या १९९२ मधील ‘फीव्हर पिच’ या आठवणीपर पुस्तकामुळे ही रात्र साहित्यातही पोहोचली. स्वाभाविकपणे स्मरणात राहिला तो थॉमस यांचा गोल. परंतु लिव्हरपूलसारख्या संघाला त्यांच्याच मैदानावर एकही गोल करू न देणे ही त्या विजयाची पूर्वअट होती, आणि ती पूर्ण करणाऱ्या फळीचा कर्णधार काही आठवड्यांपूर्वी गाढव ठरलेला होता. न घडलेल्याचे मूल्य मोजण्याची अडचण येथे पुन्हा समोर येते.

तुरुंगवास आणि संस्थेचे मौन

मे १९९० मध्ये अॅडम्स यांनी मद्यधुंद अवस्थेत गाडी चालवून ती एका भिंतीवर आदळली. त्यांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी पट होते. १९ डिसेंबर १९९० रोजी त्यांना चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्यापैकी निम्मी भोगून फेब्रुवारी १९९१ मध्ये ते चेम्सफर्डच्या तुरुंगातून बाहेर आले. या घटनेकडे केवळ ‘कथेतील वळण’ म्हणून पाहणे योग्य नव्हे. भिंतीच्या जागी माणूस असता तर ही कारकीर्द आणि एखादे कुटुंब, दोन्ही तेथेच संपले असते. हे घडले नाही, हा योगायोग आहे, गुणवत्ता नव्हे. पश्चात्तापाची कथा जितकी सुंदर सांगितली जाते, तितकी ही साधी गोष्ट विसरण्याची शक्यता वाढते.

क्रीडादृष्ट्या मात्र १९९०-९१ चा हंगाम आर्सेनलच्या इतिहासातील सर्वोत्तम हंगामांपैकी एक ठरला. ३८ लीग सामन्यांत संघाने केवळ १८ गोल स्वीकारले. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मैदानावर झालेल्या हाणामारीबद्दल दोन गुण कापले जाऊनही विजेतेपद मिळविले आणि संपूर्ण लीगमध्ये एकच सामना गमावला. तो एकमेव पराभव २ फेब्रुवारी १९९१ रोजी चेल्सीकडून झाला, तेव्हा अॅडम्स तुरुंगात होते. या तपशिलावरून ‘अॅडम्स नाहीत तर बचाव नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो एकांगी ठरेल. त्यांच्या अनुपस्थितीत संघ कोसळला नाही, हेही तितकेच खरे आहे. चौघांची फळी व्यक्तीपेक्षा मोठी झाली होती. आणि ती तशी व्हावी यासाठी झटणाऱ्यांत अॅडम्स अग्रभागी होते.

क्लबने शिक्षेनंतरही अॅडम्स यांचे कर्णधारपद काढून घेतले नाही. संघनिष्ठेचे उदाहरण म्हणून या निर्णयाची प्रशंसा होते. तथापि येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. त्या काळात आर्सेनलच्या काही खेळाडूंची मंगळवारी सरावानंतर एकत्र दारू पिण्याची प्रथा होती. बुधवारी सुट्टी असे. ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. इंग्लिश फुटबॉलमध्ये मद्यपान ही संघभावनेची खूण मानली जात असे. ज्या संस्थेने खेळाडूच्या प्रत्येक पावलाला मैदानावर शिस्त लावली, त्या संस्थेने मैदानाबाहेरच्या त्याच माणसाविषयी मौन पाळले. शनिवारी चेंडू अडविला जातो आहे तोवर उरलेल्या सहा दिवसांची विचारपूस करण्याची गरज कोणाला वाटली नाही. क्लबची निष्ठा ही खेळाडूवरील निष्ठा होती, माणसावरील नव्हे, असे या संदर्भात म्हणावे लागते.

हे मौन अधिक अवघड होते ते यशामुळे. १९९३ मध्ये आर्सेनलने एफ. ए. चषक आणि लीग चषक असे दोन्ही चषक एकाच हंगामात जिंकले; एफ. ए. चषकाच्या उपांत्य सामन्यात टॉटनहॅमविरुद्धचा एकमेव गोल अॅडम्स यांनी डोक्याने केला. ४ मे १९९४ रोजी कोपनहेगन येथे पार्माचा १-० असा पराभव करून संघाने कप विनर्स चषक मिळविला. ‘एक-शून्य’ हा आर्सेनलचा जणू ठसाच बनला. म्हणजे ज्या वर्षांना पुढे अॅडम्स यांनी स्वतः अंधाराची वर्षे मानले, ती चषकांच्या दृष्टीने भरभराटीची होती. व्यसनामुळे खेळ बिघडतो आणि व्यसनमुक्तीने तो सुधारतो, हे नीतिकथेचे सूत्र येथे लागू पडत नाही. उलट, खेळ बिघडला नाही म्हणूनच व्यसन इतकी वर्षे टिकले, हे अधिक वास्तव आणि अधिक भयावह आहे.

कबुलीचे कथन

नोव्हेंबर १९९४ मध्ये अॅडम्स यांचे सहकारी पॉल मर्सन यांनी मद्य, कोकेन आणि जुगार यांच्या व्यसनाची जाहीर कबुली दिली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ग्रॅहम यांना एका एजंटाकडून पैसे स्वीकारल्याच्या प्रकरणात पद गमवावे लागले. शिस्तीच्या त्या इमारतीला अशी दोन बाजूंनी तडे गेले. १९९६ च्या उन्हाळ्यात अॅडम्स यांनी मायदेशी झालेल्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचे नेतृत्व केले. २६ जून रोजी वेम्बली येथे जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना १-१ असा सुटून इंग्लंड पेनल्टींवर हरले. त्यानंतरचे काही आठवडे अॅडम्स यांनी अखंड मद्यपानात घालविले आणि ऑगस्टच्या मध्यास ते थांबले. सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी आपण मद्यासक्त असल्याचे प्रथम सहकाऱ्यांना आणि मग जगाला सांगितले.

१९९८ मध्ये पत्रकार इयन रिडली यांच्या सहकार्याने लिहिलेले ‘अॅडिक्टेड’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. खेळाडूच्या आत्मचरित्राचा रूढ साचा विजयांच्या क्रमवार नोंदीचा असतो; या पुस्तकाने तो मोडला आणि पराभवाला, लज्जेला व परावलंबनाला केंद्रस्थान दिले. त्यामागे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेची बारा पायऱ्यांची पद्धत आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या या संघटनेच्या पद्धतीत आपली असहायता मान्य करणे, आपल्या आयुष्याचा निर्भय आढावा घेणे, चुका दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखविणे आणि ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे अशा पायऱ्या येतात. संत ऑगस्टीन यांच्यापासून युरोपीय साहित्यात चालत आलेल्या कबुलीच्या परंपरेशी या साच्याचे नाते उघड आहे : पूर्वायुष्य, वळणाचा क्षण आणि नवे आयुष्य.

या साच्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पुरुषी कणखरपणा हाच ज्याचा धर्म मानला जाई त्या बचावपटूने ‘मला मदत हवी’ असे म्हणणे ही १९९० च्या दशकातील इंग्लिश फुटबॉलमध्ये धाडसाची गोष्ट होती. परंतु साच्याची एक मर्यादाही आहे. कबुलीचे कथन पूर्वायुष्याला केवळ पूर्वायुष्य म्हणूनच पाहू शकते. तेथे जे काही घडले ते वळणाच्या क्षणाची तयारी म्हणून अर्थपूर्ण ठरते. त्यामुळे १९८९ आणि १९९१ ची विजेतेपदे, चौघांच्या फळीची रचना, सापळ्याचा इशारा देणारी तल्लख बुद्धी, या साऱ्याला कथनात दुय्यम स्थान मिळते. दारू पिणाऱ्या माणसाचे कसब आणि दारू सोडणाऱ्या माणसाचे धैर्य हे एकाच व्यक्तीचे गुण आहेत, हे सत्य दोन आयुष्यांच्या कथेत निसटते. २०१७ मध्ये याच दोघांचे ‘सोबर’ हे दुसरे पुस्तक आले. पहिल्या पुस्तकातील वळण हा शेवट नव्हता, व्यसनमुक्ती हा क्षण नसून रोजचा व्यवहार आहे, हे या दुसऱ्या पुस्तकाच्या अस्तित्वानेच सूचित केले.

व्हेंगर आणि कालक्रमाचा प्रश्न

जपानमधील नागोया ग्रॅम्पस एट या क्लबकडून आलेल्या आर्सेन व्हेंगर यांनी १ ऑक्टोबर १९९६ रोजी आर्सेनलची सूत्रे हाती घेतली. आहार, स्नायूंचे व्यायाम, सरावाची आखणी यांत त्यांनी मूलगामी बदल केले. यातूनच ‘व्हेंगर यांनी अॅडम्स यांना सुधारले’ ही समजूत रूढ झाली. साधा कालक्रम तिच्या विरोधात जातो. अॅडम्स यांनी दारू सोडली ती ऑगस्टमध्ये, जाहीर कबुली दिली ती सप्टेंबरमध्ये. व्हेंगर आले ऑक्टोबरमध्ये. मोठ्या माणसाच्या सुधारणेचे श्रेय त्याहून मोठ्या माणसाला देण्याची सवय चरित्रलेखनात जुनीच आहे. येथे तिचा परिणाम असा की, अनाम मद्यासक्तांच्या बैठकीत बसलेल्या कोणा सामान्य माणसांचे साहाय्य झाकले गेले आणि अॅडम्स यांचा स्वतःचा निर्णयही.

याचा अर्थ व्हेंगर यांचे योगदान गौण होते असा नाही. ते वेगळ्या ठिकाणी होते. व्हेंगर आले तेव्हा सीमन, डिक्सन, विन्टरबर्न आणि बोल्ड यांनी तिशी ओलांडली होती. अॅडम्स त्याच महिन्यात तीस वर्षांचे झाले. नवा व्यवस्थापक जुनी फळी मोडून टाकील, अशी अपेक्षा वावगी ठरली नसती. व्हेंगर यांनी ती राखली आणि तिच्या अंगी असलेले, पण पूर्वी मागितले न गेलेले कसब तिच्याकडून मागितले. डिसेंबर १९९७ मध्ये ब्लॅकबर्नविरुद्ध घरच्या मैदानावर १-३ असा पराभव झाल्यानंतर दुखापतींनी बेजार झालेल्या अॅडम्स यांना त्यांनी उपचारासाठी दक्षिण फ्रान्समध्ये पाठविले. पूर्वीच्या व्यवस्थेत खेळाडूने दुखणे सोसून खेळावे हीच अपेक्षा असे. येथे प्रथमच संस्थेने त्याला वेळ दिला. व्हेंगर यांनी अॅडम्स यांना सुधारले नाही. सुधारलेल्या माणसाला जगता येईल अशी जागा त्यांनी निर्माण केली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

३ मे १९९८ रोजी हायबरी येथे एव्हर्टनचा ४-० असा पराभव करून आर्सेनलने लीग जिंकली. चौथा गोल अॅडम्स यांचा होता. बचावातील जुने सोबती बोल्ड यांनी उंचावून दिलेला चेंडू छातीवर झेलून त्यांनी डाव्या पायाने जाळ्यात धाडला. त्याच महिन्यात एफ. ए. चषकही मिळाला. हा गोल अॅडम्स यांच्या परिवर्तनाचे प्रतीक म्हणून पुन्हा पुन्हा सांगितला जातो : गाढवाचा कलावंत झाला. पण बारकाईने पाहिल्यास त्या गोलाचे दोन्ही कर्ते ग्रॅहम यांच्या काळातील, ‘कंटाळवाण्या’ आर्सेनलमधील मध्य-बचावपटू आहेत. नवा आर्सेनल जुन्या आर्सेनलच्याच हाडांवर उभा होता. पुढच्या, १९९८-९९ च्या हंगामात विजेतेपद हुकले. तरी ३८ लीग सामन्यांत संघाने अवघे १७ गोल स्वीकारले, म्हणजे १९९०-९१ पेक्षाही एक कमी. सापळा तोच होता, रेषा तीच होती. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली होती.

समारोप

अॅडम्स यांचा अखेरचा मोठा सामना ४ मे २००२ रोजी कार्डिफ येथे झालेला एफ. ए. चषकाचा अंतिम सामना. चेल्सीवर २-० असा विजय मिळवून आणि त्याच आठवड्यात लीग विजेतेपदाची भर घालून आर्सेनलने तिसऱ्यांदा दुहेरी यश मिळविले, आणि ऑगस्टमध्ये अॅडम्स निवृत्त झाले. व्यवस्थापक म्हणून त्यांना तसे यश लाभले नाही. २०१७ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडाकडे असताना त्यांच्या संघाने सातही सामने गमावले. रेषेत उभे राहून दिलेला इशारा रेषेबाहेरून देता येतोच असे नाही. मात्र २००० मध्ये त्यांनी स्थापन केलेली स्पोर्टिंग चान्स ही संस्था व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या खेळाडूंवरील उपचाराचे काम करू लागली. ज्या मौनाचे ते स्वतः बळी आणि काही काळ वाहकही होते, ते मोडण्याचा हा संस्थात्मक प्रयत्न होय. बारा पायऱ्यांमधील भरपाईची पायरी येथे पुस्तकाच्या पानांतून बाहेर येते. म्हणून अॅडम्स यांच्या कबुलीचे मोल ठरविताना पुस्तकापेक्षा या संस्थेचा विचार आधी करावा लागेल.

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रचलित तीन अंकी कथा अॅडम्स यांच्या कारकिर्दीला तीन ठिकाणी अपुरी पडते. पहिल्या अंकातील गाढव हा मुळातच उत्तम बचावपटू होता. दुसऱ्या अंकातील पतन हे एकट्या माणसाचे नव्हते. विजयावर खूश राहून गप्प बसलेल्या व्यवस्थेचाही त्यात वाटा होता. आणि तिसऱ्या अंकातील उद्धार बाहेरून आलेल्या गुरूने केलेला नव्हता. कथा जितकी गोळीबंद, तितके तिच्यातून सुटलेले सत्य अधिक, ही चरित्राच्या समीक्षेतील साधी शिकवण येथे खरी ठरते.

डिसेंबर २०११ मध्ये, क्लबच्या १२५ व्या वर्षानिमित्त, लंडनमधील एमिरेट्स मैदानाबाहेर अॅडम्स यांचा पुतळा उभारण्यात आला. हर्बर्ट चॅपमन आणि थिएरी आँरी यांचे पुतळेही त्याच वेळी बसविले गेले. पुतळ्यातील अॅडम्स दोन्ही हात पसरून उभे आहेत : एव्हर्टनविरुद्धच्या त्या गोलानंतरची ही मुद्रा आहे. एकोणीस वर्षे ज्याने गोल अडविले, त्याचे स्मारक त्याने केलेल्या एका गोलाचे आहे. शिल्पकाराला दोष देण्याचे कारण नाही. न घडलेल्या गोष्टीचा पुतळा घडविता येत नाही. पण समीक्षेला ती सबब नाही. हात पसरलेल्या त्या आकृतीमागे, एक हात उंचावून, आपल्या तिघा सोबत्यांसह एक पाऊल पुढे टाकणारा बचावपटू पाहणे हेच अशा कारकिर्दीच्या वाचनाचे प्रयोजन होय.